मोठ्या कुत्र्याचे प्राथमिक शिक्षण: जोर न लावता

मोठ्या जातीचा कुत्रा घरी आणणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात वजनाचा हिशेब मांडून ठेवावा. पूर्ण वाढ झालेला लॅब्राडोर साधारण २५ ते ३६ किलोंचा असतो, रॉटवायलरचा नर ६० किलोंपर्यंत जातो आणि ग्रेट डेनचा नर ८० किलोंच्या जवळ पोहोचू शकतो. हे वजन चार पायांवर, नखे रोवून उभे असते. दोरीचे दुसरे टोक धरलेला माणूस मात्र दोन पायांवर असतो आणि बहुतेक वेळा त्याचे लक्ष दुसरीकडे असते. ओढाताण झालीच तर कुत्र्याच्या पहिल्या वाढदिवसानंतर ती कोण जिंकणार, हे सांगायला नको. म्हणून अशा कुत्र्याच्या शिक्षणातली प्रत्येक पद्धत एकाच कसोटीवर घासून पाहावी, असे माझे ठाम मत आहे: या पद्धतीत माझ्या ताकदीची गरज पडते का? पडत असेल, तर ती पद्धत पिल्लू लहान असेपर्यंतच चालेल आणि नेमकी ज्या वयात तिची गरज आहे त्या वयात कामाला येणार नाही.

शिकवायच्या गोष्टी फार नाहीत. बसणे, आडवे होणे, सांगितल्यावर जागेवर थांबणे, हाक मारल्यावर येणे, तोंडातली वस्तू सोडणे, दोरी सैल ठेवून चालणे, माणसांच्या अंगावर उडी न मारणे आणि अंगाला हात लावू देणे, एवढे आले की घरातले नव्वद टक्के प्रश्न मिटतात. हात मिळवणे, गोल फिरणे, मेल्याचे सोंग घेणे या गमती आहेत आणि त्या जरूर शिकवाव्यात, पण नंतर. हात मिळवण्याच्या बाबतीत तर मी मोठा कुत्रा पाळणाऱ्यांना जरा थांबायलाच सांगतो, कारण पंजा उचलून माणसाच्या अंगावर ठेवला की खाऊ मिळतो, हे ज्याला आधी कळले त्याचे पंजे पुढे पाहुण्यांच्या छातीपर्यंत पोहोचतात.

कुत्र्याला ‘आपण मालक आहोत’ हे दाखवून द्यावे लागते, नाहीतर तो डोक्यावर बसतो, हा सल्ला मोठा कुत्रा पाळणाऱ्यांना सर्वांत जास्त ऐकावा लागतो. त्याची मुळे लांडग्यांच्या अभ्यासात आहेत. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ मध्ये लेखन प्रसिद्ध केले आणि त्यातून कळपातील सत्तास्पर्धेची कल्पना रुजली. डेव्हिड मीच या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या पुस्तकातून ती आणखी पसरवली. पण पुढे कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समिअर बेटावरचे मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिल्यावर त्यांनीच १९९९ मध्ये लिहिले की, नैसर्गिक अवस्थेतील कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, गादीसाठी भांडणारी टोळी नव्हे. आपले जुने पुस्तक पुन्हा छापू नये म्हणून त्यांनी प्रकाशकाकडे पाठपुरावाही केला. एवढे होऊनही कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरण्याचा, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहण्याचा सल्ला अजून दिला जातो. या उपायांचे काय होते, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतून दिसते: कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी, उताणा दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी आणि रोखून पाहणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांनी कुत्रा उलट आक्रमक झाल्याचे सांगितले. ही टक्केवारी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांची आहे, हे खरे. पण ज्याला सल्ल्याची सर्वांत जास्त गरज असते तो कुत्रा नेमका याच गटातला असतो. लहानखुऱ्या कुत्र्याने उलटून दात दाखवले तर पायजम्याला भोक पडते. साठ किलोंच्या कुत्र्यावर असा प्रयोग करू नये.

मग कुत्रा ऐकतो कशामुळे? ज्या कृतीनंतर चांगले काही घडते ती कृती प्राणी पुन्हा करतो आणि ज्या कृतीनंतर काहीच हाती लागत नाही ती हळूहळू सोडून देतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेटीत ठेवलेल्या मांजरांवर प्रयोग करून हा नियम मांडला आणि बी. एफ. स्किनर या दुसऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तो पुढे नेला. स्किनर यांनी १९५१ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या एका लेखात प्राण्यांना शिकवण्यासाठी टकटक वाजणारे छोटे खेळणे वापरायला सुचवले होते. आजचा क्लिकर त्याच जातकुळीतला आहे. या आवाजाचे काम एकच असते: बक्षीस कोणत्या क्षणासाठी आहे हे कुत्र्याला दाखवून देणे. कुत्रा बसला, आपण खिशात हात घालून खाऊ काढला आणि तेवढ्यात तो उठून उभा राहिला, तर बक्षीस उठण्याला मिळते. म्हणून ढुंगण जमिनीला टेकले त्याच क्षणी क्लिकर वाजवायचा किंवा ‘हां’ म्हणायचे आणि मग खाऊ द्यायचा. मी क्लिकर वापरत नाही, कारण एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात खाऊ असताना तिसरा हात कुठून आणायचा, हा प्रश्न मला सुटलेला नाही. छोटा, नेहमी एकाच सुरात उच्चारलेला शब्द घरच्या कामाला पुरतो. मात्र तो शब्द आधी ‘भरावा’ लागतो. काहीही न करायला लावता ‘हां’ म्हणायचे आणि खाऊ द्यायचा, असे बऱ्याच वेळा केले की त्या आवाजासरशी कुत्रा अपेक्षेने मान वळवतो आणि मग खरे शिक्षण सुरू करता येते.

खाऊ म्हणजे लाच, असे म्हणणारे भेटतातच. लाच काम होण्याआधी दाखवली जाते आणि मोबदला काम झाल्यावर मिळतो. फरक एवढाच, पण कुत्र्यासाठी तो फार मोठा आहे. सुरुवातीला हातातला तुकडा नाकासमोर धरून कुत्र्याला बसते करावे लागते हे खरे, पण दोनचार वेळा जमल्यावर रिकाम्या हाताने तीच हालचाल करावी आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्यावा, नाहीतर कुत्रा खाऊ दिसला तरच ऐकायला शिकतो. तुकडा वाटाण्याएवढा असावा आणि दिवसभरात दिलेला खाऊ जेवणातून वजा करावा, कारण जास्तीचे वजन मोठ्या कुत्र्याच्या सांध्यांना परवडत नाही. लॅब्राडोरच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे लागते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की साधारण चारपैकी एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, अशा कुत्र्यांना भूक जास्त लागते आणि त्यांचे वजनही जास्त भरते. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या ज्या लॅब्राडोरची त्यांनी तपासणी केली त्यांच्यात हे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश होते. लॅब्राडोर शिकवायला सोपा असतो असे आपण म्हणतो, त्यात त्याच्या पोटाचा वाटा बराच आहे.

वयाचा विचार दोन टोकांनी करावा लागतो. सुमारे तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंतच्या काळात पिल्लू जे पाहते, ऐकते आणि हुंगते ते त्याला पुढे साधे वाटते. त्यानंतर नव्या गोष्टींकडे संशयाने पाहणे वाढू लागते. म्हणून छत्री, काठी टेकत चालणारी व्यक्ती, धावणारी मुले, चाकांची खुर्ची, घासून गुळगुळीत झालेली फरशी, मोटारसायकलचा आवाज यांची ओळख याच काळात, पिल्लाला न घाबरवता करून द्यावी. लसीकरण पूर्ण झालेले नसल्यामुळे ते खाली सोडता येत नसेल तर कडेवर घेऊन फिरवावे. मोठ्या जातीच्या पिल्लाला कडेवर घेता येण्याचे दिवस तसेही थोडेच असतात. घाबरलेला छोटा कुत्रा पलंगाखाली जातो, मोठा घाबरला तर लोक त्याला घाबरतात आणि त्याचे बाहेर जाणे कमी होत जाते. त्यामुळे ‘बस’ शिकवायला आठवडाभर उशीर झाला तर काही बिघडत नाही, ही ओळख करून देणे मात्र लांबणीवर टाकू नये.

दुसरे टोक वयात येण्याचे. मोठ्या जातींची मानसिक वाढ सावकाश होते आणि दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत कुत्रा अंगाने दांडगा आणि डोक्याने पोरकट असतो. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरातील कुत्र्यांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात बसायला सांगून पाहिले, तेव्हा आठव्या महिन्यात ते आपल्या सांभाळणाऱ्याचे कमी ऐकत होते, पण परक्या माणसाचे ऐकण्यात तशी घट नव्हती. आपलाच कुत्रा शेजाऱ्याचे ऐकतो आणि आपल्याकडे पाठ फिरवतो, हा अनुभव ज्यांना येतो त्यांनी यावरून थोडे हायसे वाटून घ्यावे. या काळात नवे काही शिकवण्याच्या मागे न लागता जुनेच सोप्या ठिकाणी, चांगल्या खाऊवर पुन्हा करून घ्यावे आणि बाहेर दोरी सोडू नये. पुष्कळ लोक नेमके याच वयात कंटाळून शिक्षण बंद करतात.

शरीराच्या वाढीचीही मर्यादा आहे. मोठ्या जातींच्या हाडांच्या टोकांकडील वाढीचा कूर्चेचा थर साधारण बारा ते अठरा महिन्यांपर्यंत, अतिमोठ्या जातींत त्याहूनही उशिरापर्यंत, मऊ असतो. तोवर उंच उड्या, पुन्हापुन्हा जिने चढणे-उतरणे आणि सायकलमागे पळवणे टाळलेले बरे. पाच मिनिटांचा सराव दिवसातून तीन-चार वेळा पुरतो. ग्रेट डेन, डॉबरमन, जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा जीवघेणा धोका असतो, त्यामुळे भरपेट जेवणानंतर लगेच त्यांना पळवू नये.

प्रत्यक्ष शिकवायला लागण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी शब्द ठरवून घ्यावेत. एकजण ‘बस’ म्हणतो, दुसरा ‘सिट’, तिसरा ‘खाली बस’, आणि तेच ‘खाली’ सोफ्यावरून उतरवायलाही वापरले जाते. मग कुत्रा हट्टी आहे असा निष्कर्ष निघतो. शब्द तोकडे आणि एकमेकांपासून वेगळे ऐकू येणारे असावेत आणि एकदाच उच्चारावेत. ‘बस, बस, बस ना’ असे म्हटले की कुत्र्याच्या दृष्टीने आज्ञा तिसऱ्या ‘बस’ला पूर्ण होते. हाताची खूण आधी शिकवावी आणि ती पक्की झाल्यावर तिच्या किंचित आधी शब्द जोडावा, कारण कुत्रे आपल्या बोलण्यापेक्षा हालचालींवर अधिक लक्ष ठेवतात.

बसवताना तुकडा नाकाजवळून डोक्याच्या वर मागे न्यावा. मान वर गेली की मागचा भाग आपोआप खाली येतो. कमरेवर दाबून बसवू नये, एक तर वाढत्या सांध्यांवर ताण पडतो आणि दुसरे म्हणजे दाबले की कुत्रा उलट जोर लावतो. आडवे करताना तुकडा नाकापासून पुढच्या पंजांच्या मध्ये जमिनीपर्यंत आणावा. आखूड केसांचे, हाडापेराने मोठे कुत्रे कडक आणि थंड फरशीवर आडवे व्हायला नाखूश असतात, त्यांच्या कोपरांना ते टोचते. त्यासाठी सतरंजी अंथरली की ‘ऐकत नाही’ अशी तक्रार कित्येकदा तिथेच संपते. एरवी चटकन बसणारा कुत्रा बसायला टाळाटाळ करू लागला, तिरका बसू लागला किंवा उठताना वेळ घेऊ लागला, तर शिकवणे थांबवून पशुवैद्याकडे जावे. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, लॅब्राडोर या जातींत खुब्याच्या सांध्याचा विकार नवा नाही आणि दुखणाऱ्या सांध्याला शिस्त लावता येत नाही.

‘थांब’ शिकवताना वेळ, अंतर आणि आजूबाजूचा गोंधळ या तीन गोष्टी एकाच वेळी वाढवू नयेत. आधी समोर उभे राहून दोन सेकंद, मग पाच, मग दहा. त्यानंतर एक पाऊल मागे जायचे, पण वेळ पुन्हा दोन सेकंदांवर आणायची. कुत्र्याने जागा सोडली तर त्याला रागावण्याऐवजी पायरी सोपी करावी. ‘मोकळा’ असा सुटकेचा शब्दही ठेवावा, म्हणजे थांबणे कधी संपते हे तो स्वतःच ठरवणार नाही. दाराशी, जेवणाच्या ताटलीशी आणि गाडीचा दरवाजा उघडताना थांबणे, एवढे तरी मोठ्या कुत्र्याला यायलाच हवे. उघड्या दारातून मुसंडी मारणाऱ्या कुत्र्याच्या वाटेत घरातले म्हातारे माणूस येऊ शकते.

आता दोरीबद्दल, कारण मोठ्या कुत्र्याबरोबरचे आयुष्य सुखाचे होणार की नाही हे माझ्या मते इथेच ठरते. कुत्रा ओढतो तो आपल्यावर सत्ता गाजवण्यासाठी नव्हे. त्याची स्वाभाविक चाल आपल्यापेक्षा भरभर असते, पुढे वास असतो आणि ओढले की तिथे पोहोचता येते. म्हणजे प्रत्येक ओढीला आपण पाऊल उचलून बक्षीस देत असतो. उपाय कंटाळवाणा आहे. दोरी ताठ झाली की जागच्या जागी उभे राहायचे. कुत्र्याने मागे वळून पाहिले किंवा एक पाऊल मागे टाकून दोरीला झोल दिला की त्याच क्षणी ‘हां’ म्हणून पुढे निघायचे. आपल्या पायाशेजारी चालत असेल तेव्हा तिथेच, मांडीच्या बाजूला, खाऊ द्यायचा. समोर हात करून दिला तर तो समोर येऊन चालू लागतो. पहिले काही दिवस फिरणे असे होतच नाही, घराच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत जाण्यातच वेळ संपतो, म्हणून त्या दिवसांत कुत्र्याची रग जिरवण्यासाठी वेगळा खेळ ठेवावा. सरावाला वेळ नसेल त्या दिवशी ओढू दिले तर कधीमधी ओढण्याने काम होते हे त्याला कळते, आणि कधीमधी फळणारी सवय रोज फळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते. अशा दिवसांसाठी वेगळा हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीवरून बांधायचा पट्ट्यांचा साज) ठेवण्याची युक्ती बरी: रोजचा साज अंगावर असताना नियम लागू, हा वेगळा असताना नाही, हा भेद कुत्रे चांगला ओळखतात.

साधनांपैकी छातीपुढे दोरी अडकवायची कडी असलेला हार्नेस मी पसंत करतो. कुत्र्याने जोर केला की तो पुढे न जाता बाजूला वळतो आणि आपल्याला बळ लावावे लागत नाही. पाठीवर कडी असलेला हार्नेस ओढणाऱ्याच्या सोयीचा, बर्फावरून घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना असाच साज घालतात. तोंडावरून येणारा पट्टा भारी कुत्रा आवरायला उपयोगी असतो, पण त्याची सवय खाऊ देत सावकाश करावी लागते आणि त्याला कधीही हिसका देऊ नये. आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा आणि विजेचा झटका देणारा पट्टा यांच्या वाटेला मी जात नाही. दुसरा कुत्रा दिसला की मानेला दुखते, एवढीच शिकवण त्यातून बसण्याचा धोका असतो आणि मग तो दुसऱ्या कुत्र्यांवर अधिकच भुंकतो. पोर्तुगालमधील संशोधकांनी वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतील ९२ कुत्र्यांची पाहणी करून २०२० मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे आणि लाळेतील कॉर्टिसोल (ताण आल्यावर शरीरात वाढणारे संप्रेरक) ही दोन्ही जास्त आढळली. आपोआप गुंडाळणारी लांब दोरी मोठ्या कुत्र्याला लावणे मला धोक्याचे वाटते. पाच मीटर धावत जाऊन जेव्हा तो टोकाला पोहोचतो तेव्हाचा झटका मनगट सहन करू शकत नाही. दोरीचा फास कधीही मनगटाला गुंडाळून ठेवू नये.

हाकेला येणे शिकवण्याचा नियम एकच आहे आणि तो पाळणे अवघड आहे: आलेल्या कुत्र्याला कधीही पश्चात्ताप होता कामा नये. अंघोळीसाठी, नखे कापण्यासाठी, खेळ संपवून घरी नेण्यासाठी हाक मारायची नाही. त्या वेळी आपण उठून त्याच्याकडे जायचे. दहा मिनिटे हुलकावणी देऊन आला तरी त्याचे स्वागतच करायचे, कारण रागावलो तर ती शिक्षा पळण्याला नव्हे, येण्याला होते. सराव आधी घरात, मग अंगणात, मग दहा मीटरच्या लांब दोरीवर मैदानात करावा. ही दोरी हार्नेसला लावावी, गळपट्ट्याला नव्हे. कुत्रा येत नसेल तर त्याच्या दिशेने धावण्याऐवजी उलट्या दिशेने पळावे. पाठलाग करण्याचा मोह फार थोड्या कुत्र्यांना आवरतो. घरात चोख येणारा कुत्रा मैदानात बहिरा होतो, यात त्याचा आडमुठेपणा नसतो. कुत्रे एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी आपोआप लावत नाहीत, त्यामुळे प्रत्येक नव्या ठिकाणी सुरुवातीपासून, पण भराभर, शिकवावे लागते.

उडी मारणे बंद करायला गुडघा मारण्याचा सल्ला मिळतो. गुडघा मारूही नये आणि हाताने ढकलूही नये, कारण ढकलणे हा कुत्र्याच्या लेखी खेळ आहे. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लक्ष द्यावे, पंजे वर आले की अंग वळवून घ्यावे आणि पाहुणे यायच्या वेळी कुत्र्याला दोरीवर ठेवून बसायला सांगावे. अडचण कुत्र्याची नसतेच, ‘राहू दे, मला चालतं’ म्हणणाऱ्या पाहुण्यांची असते. ‘सोड’ मात्र अदलाबदलीने शिकवावे: तोंडातल्या चपलेच्या बदल्यात काही अधिक चांगले द्यायचे, आणि वस्तू धोक्याची नसेल तर खाऊ दिल्यावर ती परतही करायची. तोंडातून हिसकावून घेत राहिलो तर कुत्रा वस्तू राखायला आणि गुरगुरायला शिकतो. गुरगुरण्याबद्दल त्याला दटावू नये. ती पूर्वसूचना आहे. ती दाबून टाकली तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय चावा येतो. गुरगुरणे वारंवार होत असेल तर आधी दुखण्याची तपासणी करून घ्यावी आणि मग वर्तनाची जाण असलेल्या प्रशिक्षकाकडे जावे. ‘मी एकटाच नेतो, तुम्ही येऊ नका’ असे म्हणणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती मी माझा कुत्रा देणार नाही.

शेवटी राहते ती गोष्ट कोणी आज्ञांमध्ये मोजत नाही: अंगाला हात लावू देणे. मोठ्या कुत्र्याला धरून ठेवून तपासणे चार माणसांनाही जमत नाही, आणि जमलेच तर पुढच्या वेळी तो दवाखान्याच्या पायरीवरच पाय रोवतो. त्यासाठी घरीच रोज थोडे करावे. कान उचलला, खाऊ. पंजा हातात घेतला, खाऊ. ओठ वर करून दात पाहिले, खाऊ. कुत्र्याने अंग काढून घेतले तर लगेच सोडायचे. आमच्या जर्मन शेफर्ड कुत्रीला मी माझ्या मांडीवर हनुवटी टेकवून ठेवायला शिकवले आहे. हनुवटी टेकलेली असेपर्यंत नखे घासायची आणि तिने ती उचलली की थांबायचे, असा आमचा करार आहे. पहिल्यांदा एकेका नखाला एक दिवस जात असे, आता चारही पाय एका बैठकीत होतात. तोंडाला मुसके घालण्याची सवयही अशीच लावून ठेवावी, कुत्रा कितीही गरीब असला तरी. आत खाऊ टाकून त्याला स्वतःहून नाक घालू द्यावे आणि पट्टा अगदी शेवटी लावावा. जखम झाल्यावर गरीब कुत्राही चावतो आणि तेव्हा हे सगळे शिकवायला वेळ नसतो. वजनाच्या काट्यावर चढून तिथे दहा सेकंद उभे राहणे हेही या यादीत घालावे, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि सत्तर किलोंच्या कुत्र्याला उचलून काट्यावर कोणी ठेवत नाही.